साडेसहाशे रुपये वाचवले तेव्हा

मागच्या लेखात टायरमधल्या हवेबद्दल लिहिलं होतं. त्यावर एका वाचकाने विचारलं, "आमची बारा वर्षांची डिझेल थार आहे. वॉरंटी कधीच संपली, आता ओळखीच्या गॅरेजमध्ये सर्व्हिसिंग करतो. फिल्टर आम्हीच आणून देतो. दुकानदार विचारतो, ओरिजिनल देऊ का लोकल? काय सांगायचं?"

प्रश्न एका ओळीचा आहे. त्याचं उत्तर मला गणपतीच्या दिवसांत चोर्ला घाटात मिळालं, आणि ते बरंच महाग पडलं.

आमच्याकडची थारही जुनीच. महिंद्राने २०१० साली पहिली थार आणली, तिच्यातली अडीच लिटरची सीआरडीई. बाबांनी रिटायर व्हायच्या वर्षी, २०१३ मध्ये घेतली. त्याआधी त्यांच्याकडे एमएम ५४० होती, प्यूजो डिझेल इंजिनवाली. तेव्हापासूनची त्यांची एक लांबट वही आहे. तारीख, किलोमीटर, कुठलं ऑईल, किती लिटर, कुठला फिल्टर, पार्ट नंबर, किंमत. डब्यावरचं लेबल कापून त्या पानावर चिकटवायचे. लहानपणी मला तो सगळा प्रकार वाण्याच्या उधारीच्या वहीसारखा वाटायचा.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि गाडीचं सगळं माझ्याकडे आलं. मी पहिल्याच सर्व्हिसिंगला हुशारी केली. ऑईल, एअर आणि डिझेल असा तीन फिल्टरांचा सेट ऑनलाइन मागवला. नुसत्या डिझेल फिल्टरमागे साडेसहाशे रुपये वाचले. डबा चकचकीत होता, आटे बरोबर बसले, गाडी चालू झाली. बाबांनी वहीसाठी लेबल मागितलं, तर डब्यावर पार्ट नंबरच नव्हता. नुसतं "थारसाठी योग्य" असं छापलेलं. "नंबर नाही होय?" एवढंच म्हणाले. हे मे महिन्यात.

सप्टेंबरमध्ये सांखळीला मावशीकडचा गणपती करून आम्ही तिघं रात्री परत निघालो. घाटात पाऊस होता. चढावर गाडी आचके द्यायला लागली, पिकअप गेला, आणि कणकुंबीच्या अलीकडे इंजिन बंद पडलं ते पडलंच. मोबाइलला रेंज नाही, धुकं असं की बॉनेटचं टोक दिसेना. मागच्या सीटवर आई, आणि पुढे नुकतं दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झालेले बाबा. पाऊण तासाने गोव्याला भाजी टाकून रिकामा परतणारा एक टेम्पो थांबला. त्या भल्या माणसाने दोघांना केबिनमध्ये घेतलं आणि बेळगावला घराच्या दारात नेऊन सोडलं. मी ती रात्र गाडीत काढली. काय काय मनात आलं ते लिहीत नाही. आईच्या ब्लड प्रेशरची गोळी माझ्या बॅगेत राहिली होती, एवढं सांगतो.

सकाळी आमचे मिस्त्री आले. त्यांनी टाकीतलं डिझेल एका काचेच्या बाटलीत काढून बॉनेटवर उभं करून ठेवलं आणि आधी चहा प्यायले. चहा होईतो बाटलीत खाली पाण्याचा बोटभर थर दिसायला लागला. मी म्हटलं, "पण डिझेलमध्ये पाणी आलं तर मीटरमध्ये दिवा लागतो ना?" ते म्हणाले, "दिवा फिल्टरच्या तळाला पाणी साठलं की लागतोय. तुझ्या फिल्टरात पाणी थांबलंच न्हाई, तर दिवा कसा लागंल?"

हे वाक्य मला दोन दिवस पुरलं. जो फिल्टर पाणी अडवतच नाही, त्याच्या तळाशी पाणी साठत नाही, म्हणून धोक्याचा दिवाही लागत नाही. वरून सगळं हिरवंगार. आमच्या धंद्यात टेस्ट लिहिली म्हणून फाइल असते, पण ती काहीच तपासत नसते, तसलाच हा प्रकार.

चारपैकी दोन इंजेक्टर गंजले होते. दुरुस्ती, टाकी साफ करणं, गाडी ओढून आणणं धरून बिल चाळीस हजारांच्या वर गेलं. मिस्त्री प्रामाणिक आहेत. "सगळा दोष फिल्टरचा न्हाई. पाणी डिझेलातनं आलं, पावसाळाभर थोडं थोडं. खरं त्याला अडवायचं काम फिल्टरचं होतं," असं म्हणाले.

इथे जुन्या आणि नव्या डिझेलमधला फरक समजून घेतला पाहिजे. बाबांच्या एमएम ५४० वर असले लोकल फिल्टर कितीदा चालून गेले असतील कोण जाणे. त्या जातीच्या जुन्या इंजिनांत इंजेक्टर शे-सव्वाशे बारच्या आसपास उघडायचे. मागच्या लेखात आपण टायरमध्ये दोन-सव्वादोन बार हवा भरली होती, त्या हिशेबाने हेही कमी नाही. पण कॉमन रेल म्हणजे सीआरडीई इंजिनांत हा दाब हजाराच्या पुढे, काहींत सोळाशे बारपर्यंत जातो. एवढा दाब धरायचा म्हणजे आतल्या भागांमधली फट काही मायक्रॉनची ठेवावी लागते. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. शिवाय एवढा दाब तयार करणाऱ्या पंपाला वेगळं वंगण नसतं, डिझेल हेच त्याचं वंगण. पाण्यात वंगणाचा गुण नाही. पंपाच्या आत थेंबभर पाणी म्हणजे तेवढ्या जागी लोखंडावर लोखंड घासणार.

म्हणून डिझेल फिल्टरला दोन कामं असतात. एक बारीक कचरा अडवायचा आणि दुसरं पाणी वेगळं करायचं. पहिलं काम साधा कागदही बऱ्यापैकी करतो. दुसऱ्यासाठी कागदावर प्रक्रिया लागते किंवा त्याला कृत्रिम धाग्यांचा थर जोडावा लागतो. मग पाण्याचे सूक्ष्म थेंब तिथे अडतात, एकमेकांना मिळून मोठे होतात आणि जड होऊन तळाशी बसतात. हा थर डोळ्याला दिसत नाही आणि डब्यावर त्याचा पत्ता नसतो. स्वस्त माल बनवणारा पहिली काटकसर तिथेच करतो.

मी ते सगळे फिल्टर कापून बघितले. उद्यमबागेत एका मित्राचं छोटं मशीन शॉप आहे. रविवारी त्याच्याकडे माझा तो कीर्तिमान फिल्टर, आणि मिस्त्रींनी एका गिऱ्हाइकाच्या गाडीतून काढलेला, वापरून झालेला ओरिजिनल फिल्टर असे दोन्ही घेऊन गेलो. लेथवर पत्र्याची कड उडवली. (घरी हॅक्सॉ ब्लेडने कापू नका. लोखंडाचा चुरा आत पडतो आणि मग आतला कचरा इंजिनचा की ब्लेडचा हे कळत नाही.) ऑईल फिल्टरचीही तशीच जोडी कापली.

ओरिजिनल डिझेल फिल्टरचा कागद बाहेर काढून पसरला तर टेबलभर झाला. घड्या दाट आणि सगळ्या सारख्या अंतरावर. माझ्या फिल्टरच्या घड्या मोजून जवळपास निम्म्या भरल्या, आणि एका बाजूला त्या एकमेकींना चिकटून गोळा झालेल्या. म्हणजे तेवढा कागद कामाचाच नव्हता. खालच्या टोपणाला कागद जिथे चिकटवतात तिथे डिंकात बोटभर जागा सुटलेली. कागद कितीही चांगला असता तरी डिझेलला जायला ती वाट मोकळीच होती. मित्र हसून म्हणाला, "वॉचमन दारात बसलाय खरं मागची भिंतच न्हाई."

ऑईल फिल्टरमध्ये आणखी वेगळी गंमत. बाहेरून डबा, आटे आणि रबराची रिंग बघितली की दोन्ही जुळे भाऊ. पण चांगल्या ऑईल फिल्टरच्या आत दोन झडपा असतात. एक झडप म्हणजे रबराचा पातळ पडदा. तो इंजिन बंद असताना फिल्टरमधलं ऑईल खाली उतरू देत नाही. फिल्टर आडवा किंवा उलटा बसवलेल्या इंजिनांत तर तो पाहिजेच. हा पडदा कडक झाला की रात्रभरात ऑईल उतरून जातं. मग सकाळी चालू करताना दोन-चार सेकंद खडखड ऐकू येते आणि ऑईलचा दिवा विझायला वेळ लागतो. ती दोन-चार सेकंदं इंजिन आणि टर्बो कोरडे फिरतात. टर्बो मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेणारा प्राणी, आणि तो ऑईलच्या पातळ थरावरच तरंगत असतो. माझ्या फिल्टरमधला पडदा चार महिन्यांत जुन्या चपलेच्या टाचेसारखा कडक झालेला. ओरिजिनलमधला एवढं चालूनही दुमडला तरी परत सरळ होत होता.

दुसरी झडप बायपासची. ऑईल थंड आणि घट्ट असलं किंवा फिल्टर चोंदला, की ठरलेल्या दाबाला ती उघडते आणि ऑईल न गाळताच पुढे सोडते. न गाळलेलं ऑईल मिळालं तरी चालेल, पण ऑईलच मिळालं नाही तर इंजिन गेलंच, असा त्यामागचा विचार. ती किती दाबाला उघडायची हे प्रत्येक इंजिनाप्रमाणे ठरतं. दुसऱ्या गाडीचा फिल्टर आट्याला बसतो म्हणून लावला, आणि त्याची झडप फार लवकर उघडणारी निघाली, तर बराच वेळ ऑईल गाळलंच जात नाही. आपल्याला कधीच कळत नाही. "आटे बसले म्हणजे फिल्टर बसला" हे गॅरेजमधलं सगळ्यात महागडं वाक्य आहे.

एक गैरसमज जाता जाता. डिझेल इंजिनचं नवीन ऑईल हजार किलोमीटरच्या आत काळं पडलं म्हणून फिल्टरला शिव्या देऊ नका. काजळीचे कण एक मायक्रॉनपेक्षाही लहान असतात, फिल्टर त्यांना धरत नाही. त्यांना गोळा न होऊ देता तरंगत ठेवणं हे ऑईलमधल्या रसायनांचं काम. काळं ऑईल म्हणजे ते आपलं काम करतंय.

आता दुकानदाराच्या प्रश्नाकडे. ओरिजिनल का लोकल, असं तो दोनच पर्याय असल्यासारखं विचारतो. खरं तर चार प्रकार असतात. गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या डब्यातला फिल्टर हा पहिला. पण गाडीच्या कंपन्या सहसा फिल्टर स्वतः बनवत नाहीत, फिल्टर बनवणाऱ्यांकडून घेतात. त्यामुळे फिल्टर बनवणाऱ्याच्या स्वतःच्या डब्यातला, जरा स्वस्त पडणारा, हा दुसरा. बॉश, मान, महले, फ्लीटगार्ड, एलोफिक ही नावं तुम्ही दुकानात बघितली असतील. तिसरा लोकल, म्हणजे स्वतःच्या नावाने विकला जाणारा पण आतलं काही न सांगणारा. चौथा डुप्लिकेट, दुसऱ्याचं नाव छापून विकलेला. तिसरा निदान खोटं तरी बोलत नाही.

मी आता पहिला किंवा दुसरा घेतो. दुसरा घेताना नुसतं नाव बघून घेत नाही. एकाच कंपनीचे वेगवेगळ्या दर्जाचे माल असतात. त्या कंपनीच्या कॅटलॉगमध्ये आपल्या गाडीचा मूळ पार्ट नंबर टाकायचा आणि समोर त्यांचा कुठला नंबर दिलाय तो बघायचा. तोच मागायचा. "तोच हाय घ्या, सगळ्यांना हाच देतोय," असं ऐकायला मिळालं तर दुसरं दुकान गाठायचं.

डब्यावर "१० मायक्रॉन" असं छापलेलं असतं, त्याला भुलू नका. दहा मायक्रॉनचे शंभर कण आले आणि पन्नास अडवले तरी कोणी दहा मायक्रॉन लिहितो. दुसरा तेच लिहिण्यासाठी पंचाहत्तर कणांपैकी एकच पुढे जाईल इतका फिल्टर बारीक करतो. टक्केवारीत पहिला ५०, दुसरा ९८.७. आकडा एकच, माल वेगळा. कॅटलॉगमध्ये चाचणीचं नाव दिलं असेल तर त्या आकड्याला अर्थ येतो. ऑईल फिल्टरसाठी आयएसओ ४५४८, हवेच्या फिल्टरसाठी ५०११, डिझेल फिल्टरसाठी १९४३८ आणि डिझेलमधून पाणी वेगळं करण्यासाठी १६३३२. हे चारही आकडे मी बाबांच्या वहीच्या पुठ्ठ्यावर आतून लिहून ठेवलेत.

डुप्लिकेट ओळखायला जादू नाही. जीएसटीचं पक्कं बिल मागा. निम्मे डुप्लिकेट तिथेच पळतात. डब्यावर एमआरपी, बनवल्याचा महिना आणि वर्ष, कंपनीचा पत्ता असायलाच पाहिजे. आतल्या पत्र्याच्या डब्यावर बॅच नंबर ठोकलेला किंवा छापलेला असतो, तो नखाने खरवडून निघायला नको. जुना खात्रीचा फिल्टर जपून ठेवला असेल तर नवा हातात घेऊन वजन बघा. वजनातला फरक हाताला कळतो. आणि किंमत फारच कमी असेल तर ते नशीब समजू नका. मी समजलो होतो.

एअर फिल्टरचा हिशेब जरा निराळा. एक लिटर डिझेल जाळायला कमीत कमी दहा हजार लिटर हवा लागते, प्रत्यक्षात त्याहून जास्तच. गोव्याच्या खाणपट्ट्यातला किंवा आपल्या जांबोटी-खानापूर भागातल्या कच्च्या रस्त्यांवरचा लाल फुफाटा आठवा आणि त्यात दहा हजार लिटरचा गुणाकार करा. आत गेलेली धूळ पिस्टनच्या रिंगांना पॉलिश पेपरसारखी घासते. मात्र इथे लोकल आणि चांगल्यातला फरक कागदापेक्षा कडेच्या रबरात जास्त दिसतो. चांगला कागदी फिल्टर चाचणीच्या धुळीतली ९९ टक्क्यांहून जास्त धूळ अडवतो. पण कडेचं रबर मऊ नसेल, पेटीत सगळीकडून दाबून बसत नसेल, तर धूळ कागदाच्या वाटेला जातच नाही. नवीन फिल्टर बसवून हजारएक किलोमीटर झाले की पेटी उघडून इंजिनकडे जाणाऱ्या पाइपात आतून बोट फिरवा. बोट लाल झालं तर फिल्टर कुठल्याही कंपनीचा असो, तो बसलेला नाही.

आणि कृपा करून कॉम्प्रेसरच्या हवेने एअर फिल्टर मारू नका. गॅरेजमध्ये पोराला आधी तेच काम दिलेलं असतं. कागदी फिल्टर नवा असताना जेवढी धूळ अडवतो, त्यापेक्षा थोडी धूळ बसल्यावर जास्त अडवतो, कारण बसलेली धूळच पुढच्या धुळीला गाळते. आपण जोराची हवा मारून तो थर घालवतो आणि कागदाला डोळ्याला न दिसणारी भोकं पाडतो. फार चोंदला, गाडी काळा धूर टाकायला लागली, पिकअप कमी झाला, तर बदला. धुळीच्या रस्त्यावर गाडी जास्त असेल तर पुस्तकात दिलेल्याच्या निम्म्या किलोमीटरला बदला. धुऊन परत वापरायचे तेल लावलेले कापडी फिल्टर रेसिंगच्या हौशी पोरांत लोकप्रिय आहेत. माझं मत त्यांच्याविरुद्ध आहे. आपल्या धुळीला कागदच बरा, आणि हवा मोजणारा सेन्सर असलेल्या गाडीत त्या फिल्टरला तेल जास्त झालं तर सेन्सर घाण होतो. एसीच्या हवेचा केबिन फिल्टर असेल तर तो मात्र खुशाल स्वस्तातला घ्या. तो इंजिनला नव्हे, आपल्या नाकाला राखतो, आणि नाक बिघाड लगेच सांगतं.

एमएम ५४० मध्ये कागदाचा प्रश्नच नव्हता. तिचा एअर क्लीनर तेलाच्या वाटीचा होता. हवा खाली येऊन तेलावरून एकदम उलटी वळायची, जड धूळ तेलात पडायची, उरलेली वरच्या जाळीत अडकायची. दर रविवारी वाटी काढून खालचा चिखल फेकायचा, रॉकेलने धुवायची आणि खुणेपर्यंत नवं ऑईल भरायचं, हे माझं लहानपणीचं काम. खुणेच्या वर भरलं तर इंजिन ते ऑईल ओढून घेतं, म्हणून बाबा मागे उभे राहायचे. ज्यांच्याकडे अजून अशी जीप आहे त्यांनी वाटी काढून कागदी फिल्टर बसवायची घाई करू नये, पण वाटी साफ करायचा कंटाळा असेल तर मात्र जरूर बसवावा. कागद जास्त बारीक गाळतो, आणि साफ न केलेली वाटी काहीच गाळत नाही.

जुन्या जीपवाल्यांसाठी आणखी एक. आपल्या भागात कित्येक जीपांची इंजिनं बदललेली आहेत. आरसी बुकात एक मॉडेल, बॉनेटखाली दुसरंच. मूळ प्यूजो काढून पुढे महिंद्राचंच एमडीआय बसवलेलं, असे नमुने भरपूर. दुकानात जाऊन "एमएम ५४० चा फिल्टर द्या" म्हणालात तर दुकानदार बिचारा बरोबर देतो आणि तुमच्यासाठी तो चूक निघतो. फिल्टर इंजिन नंबरावरून घ्यायचा. थारमध्येसुद्धा डीआय आणि सीआरडीई अशी दोन वेगळी डिझेल इंजिनं होती. "थारसाठी योग्य" एवढंच छापलेला माझा डबा नेमका कुठल्या थारसाठी योग्य होता, हे मी त्या वेळी विचारलंच नाही.

बसवताना चांगल्या फिल्टरचीही माती करता येते. जुना ऑईल फिल्टर काढला की त्याची रबराची रिंग त्याच्यासोबत निघाली का ते बघा. कधी कधी ती इंजिनलाच चिकटून राहते. तिच्यावर नवी रिंग बसली की थोडं अंतर जाईपर्यंत सगळं ठीक असतं, मग दाबाने ऑईल फवाऱ्यासारखं बाहेर. नव्या रिंगला बोटाने ऑईल लावायचं, रिंग टेकली की हाताने साधारण पाऊण फेरा, पाना लावायचा नाही. डिझेल फिल्टर बसवण्याआधी मधल्या भोकातून डिझेल ओतून भरू नका. ते भोक गाळून झालेल्या बाजूचं असतं, म्हणजे तुम्ही ओतलेलं न गाळलेलं डिझेल सरळ पंपात जाणार. फिल्टर कोरडा बसवा आणि हातपंपाने हवा काढा. हातपंप कडक होईपर्यंत मारायचा. अंगठा दुखतो, त्याला इलाज नाही. पाणी सोडायचा खालचा स्क्रू पावसाळ्यात महिन्यातून एकदा सैल करायचा आणि जे येईल ते काचेच्या बाटलीत घेऊन उन्हात धरायचं. टाकी शक्यतो भरलेली ठेवायची, कारण अर्ध्या टाकीतल्या दमट हवेचं रात्री पाणी होतं.

हे सगळं करायला मला आता दीड तास लागतो, मिस्त्रींना पंचवीस मिनिटं. डिझेल फिल्टर मी त्यांच्याकडूनच बसवून घेतो.

बिल भरलं त्या दिवशी बाबा काही बोलले नाहीत. संध्याकाळी वही मागून घेतली. मे महिन्याच्या नोंदीत लेबलाची जागा रिकामी होती. तिथे जाड पेनाने, डोळ्यांजवळ वही धरून, त्यांनी इंजेक्टरच्या बिलाची रक्कम लिहिली. त्याच्या खालच्या ओळीत नव्या फिल्टरचं लेबल चिकटवलं. मी पार्ट नंबर मोठ्याने वाचून दाखवला, त्यांनी तो लेबलाशेजारी परत एकदा हाताने लिहिला.

पुढच्या महिन्यात ऑईलच्या डब्यावरचे आकडे, म्हणजे ते १५डब्ल्यू-४० वगैरे काय प्रकरण आहे ते बघू.